उतरंडीतली जाग

"समिधा, वरच्या मडक्याच्या भोकातनं काळं कायतरी बाहेर याय लागलंय. केसाच्या तुकड्यावानी. आणि ते चालतंय गं."

वैजाकाकीचा फोन आला तेव्हा समिधा होडगे चहा गाळत होती.

"मुंग्या असतील काकी. उतरंडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या न्हाईत काय?"

"मुंगी मला वळकंना झाली व्हय? बिगीनं ये तू."

समिधानं गाळणी तशीच ठेवली आणि निघाली. आंबेसरीत तुळशीची लग्नं नुकतीच झाली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुतीच्या बागा होत्या. म्हणजे मागच्या आठवड्यापर्यंत होत्या. आता वीतभर उंचीचे नुसते खुंट उभे होते आणि छाटलेल्या पाल्यावर गावातल्या शेळ्या फुगल्या होत्या. दरवर्षी असंच व्हायचं. रेशमाच्या पतंगांनी अंडी घातली की सगळं गाव मिळून बागा तळातून छाटायचं. पुढं पाऊस येईपर्यंत पानाला विचारणारं कुणी नसायचं, कारण अंडी झोपलेली असायची.

काकीच्या कीटकघराच्या दाराशी, पायांवरून रोग आत जाऊ नये म्हणून, चुन्याच्या पाण्याचं घमेलं होतं. समिधानं त्यात पाय बुडवले आणि आत गेली. कोपऱ्यात उतरंड उभी होती: एकावर एक तीन मडकी, खाली मोठं, वर लहान. वैजयंता देसाई, सगळ्या गावाची वैजाकाकी, तिच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. पन्नाशी उलटलेली, बोलायला फटकळ. गावात बीज, म्हणजे पुढच्या हंगामाची अंडी, राखणारी पाच घरं होती आणि त्या पाचांत शेवटचा शब्द तिचा असायचा.

"तू सांगितलंस, झाकण उघडू नकोस. म्हणून हात लावला न्हाई," काकी म्हणाली.

समिधानं झाकण उचललं. उजेड आत पडला आणि मडक्याची आतली भिंत हलली.

आत कागदावर अंडी होती. पाटीच्या रंगाची, राखी-जांभळी दिसायला हवी होती ती. त्याऐवजी कागदावर पांढरी, रिकामी टरफलं चिकटली होती आणि त्यांच्यावरून, कागदावरून, मडक्याच्या काठावरून हजारो काळ्या अळ्या मान उचलून हवेत काहीतरी शोधत होत्या. पान शोधत होत्या.

"ही झोपली न्हवती व्हय?" काकीनं हळूच विचारलं.

समिधानं झाकण परत ठेवलं. ठेवून काही उपयोग नव्हता, तरी ठेवलं.

*

ही अंडी कुठल्याही रेशीमकिड्याची असती तर एक हंगाम गेला म्हणून गाव रडलं असतं आणि गप्प बसलं असतं. पण ती हळदुलीची होती.

हळदुली ही पिवळ्या कोषाची जात. धागा जरा जाड, कोष लहान, म्हणून कधीकाळी बाजारात तिला कुणी हात लावत नव्हतं. मग उन्हाळे वाढले. खालच्या मुलखात शेडमधला पारा चाळिशीच्या पुढं जायला लागला आणि पांढऱ्या संकरित अळ्या चौथी कात टाकताना काळ्या पडून मरायला लागल्या. ज्यांची आई हळदुली होती, त्याच तगल्या. आता खालचे शेतकरी पाळतात त्या प्रत्येक संकराची आई आंबेसरीहून जाते. शुद्ध हळदुली राखतात फक्त ही पाच घरं.

रेशीमकिड्याचं अंडं दोन तऱ्हेचं असतं. एक घातल्यापासून दहाबारा दिवसांत फुटतं. दुसरं झोपतं. आतला जीव वाढायचा थांबतो, श्वास मंदावतो, आणि थंडी भोगून झाल्याशिवाय तो जागा होत नाही. या झोपेमुळंच बीज पुढच्या हंगामापर्यंत टिकतं. झोपणारं अंडं ओळखायला सोपं. तिसऱ्या दिवसापर्यंत पिवळ्याचं पाटीच्या रंगाचं होतं. आंबेसरीच्या बायका तिसऱ्या दिवशी रंग बघायच्या आणि मगच पुरुषांना विळे काढायला सांगायच्या. यंदा तो रंग कुणी बघितला नव्हता. अंडी उतरंडीत बंद होती आणि झाकण उघडायचं नाही हा नियम समिधानंच घातला होता.

उतरंड तिची होती; तिची आणि निवेदिताची. कोल्हापूरच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या, प्राणिशास्त्रात एकत्र एम.एस्सी. झाल्या. त्या वर्षी वीज दिवसाआड येत होती. शहरातली शीतगृहं बंद पडत होती आणि ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं पाठवलेली अंडी पोचेपर्यंत उकडून मरत होती. विजेशिवाय चालेल, माणसाला खांद्यावरून नेता येईल आणि दोन कोंबड्यांच्या किमतीत मिळेल असं काहीतरी हवं होतं. मडकं समिधाला सुचलं. लेप निवेदिताचा. तो लेप दिलेली परात रात्री कौलांवर ठेवली की स्वतःची उष्णता थेट आकाशाकडं सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. त्या परातीत एका खास मेणाच्या वड्या ठेवायच्या. रात्रीत त्या गोठतात. सकाळी त्या मडक्याच्या दुहेरी भिंतीत सरकवल्या की दिवसभर वितळत राहतात, आणि वितळेपर्यंत आतलं तापमान पंधरा अंशांच्या आसपास धरून ठेवतात. खालचं मडकं सगळ्यांत गार, मधलं पंधराचं, वरचं नुसतं अंधाराचं, घराइतकं उबदार.

गावातल्या तुषार कुंभारानं पहिली उतरंड घडवली. "ताई, आमच्या आजीच्या उतरंडीत डाळ असायची, तुमच्या उतरंडीत आळ्या. प्रगती हाय," असं म्हणत त्यानं नंतर शेकड्यांनी घडवल्या.

खालच्या मुलखात उतरंड कौतुकानं वापरली गेली. आंबेसरीत तिनं भांडणं मिटवली. इथं सगळी कामं पैऱ्यानं चालतात: आज तुझ्या बागेत सगळ्यांनी पान तोडायचं, उद्या माझ्या. पण अंडी सगळ्यांची एकदम फुटायची, अळ्या सगळ्यांच्या एकदम खादाड व्हायच्या, आणि पैरा कुणाकडून सुरू करायचा यावरून बायका वर्षभर अबोला धरायच्या. मधल्या मडक्यात पंधरा अंशांच्या अंधारात अंडी हळूहळू वाढायची, मरायची नाहीत. ज्या घराची पाळी येईल त्यानं आपली अंडी काढून उजेडात ठेवायची. दुसऱ्या सकाळी अळ्या हजर. दोन वर्षं विक्रीच्या पिकाला असं केलं. यंदा पहिल्यांदाच बीजाच्या पिकालाही केलं.

करण्याआधी समिधानं निवेदिताला विचारलं होतं. एक जुनी गोष्ट तिला खटकत होती. एम.एस्सी.ला त्यावर पाच मार्कांचा प्रश्न असायचा. अंडं झोपणार की नाही हे त्या अंड्याच्या हातात नसतं; त्याच्या आईच्या हातात असतं. आई स्वतः अंड्यात असताना तिला ऊब मिळाली, तर पुढं तिची अंडी झोपतात. तिला अंधार आणि पंधरा अंशांचा गारवा मिळाला, तर तिची अंडी जागी राहतात. आई तो गारवा अळीपणात, कोषात, पतंगपणात बाळगते आणि लेकींना देते. जपानी संशोधकांनी हे शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं. विक्रीच्या पिकात याचं काही बिघडत नाही, कारण तिथं कोष उकळले जातात आणि दुसरी पिढी कुणी बघतच नाही.

"तू दुसरी पिढी बघितलीस का?" जूनमध्ये समिधानं निवेदिताला व्हिडिओ कॉलवर समोरासमोर विचारलं होतं. "उतरंडीतल्या अंड्यांच्या लेकी झोपतात ना?"

निवेदिता आता पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिनं चष्मा काढून पुसला.

"बघितली गं. झोपतात. मेण वितळताना तापमान वरखाली होतं ना, त्यामुळं सलग गारवा मिळत नाही. बिनधास्त ठेव."

समिधानं वैजाकाकीला शब्द दिला. वैजाकाकीनं बाकीच्या चार घरांना दिला.

*

कीटकघराबाहेर येऊन समिधानं निवेदिताला फोन लावला. पलीकडं मिक्सर चालू होता, मग बंद झाला.

"बोल गं बाई. सकाळी सकाळी?"

"निवे, वैजाकाकीकडं अंडी..."

"पिवळीसुद्धा?"

निवेदिताच्या आवाजात आनंद होता. तो लपवायला तिला अर्धा क्षण उशीर झाला.

समोर छाटलेल्या बागेत एक शेळी खुंटाची साल ओरबाडत होती.

"म्हणजे... काय झालं अंड्यांना?" निवेदितानं विचारलं.

"पिवळीसुद्धा म्हणजे, निवे? आणखी कोणती?"

"समिधा, ऐक."

"पांढरी फुटली होती. तुझ्याकडं. कधी?"

"पहिल्याच वर्षी. चाचणीचे थोडे कोष उरले होते. पतंग निघाले, अंडी घातली, रंग चढलाच नाही. मला वाटलं माझी चूक. परत केलं. परत तेच."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"शब्दाशब्दानं विचारलं होतं. तू चष्मा पुसलास."

"कंपनीनं सांगितलं होतं, पेटंट होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. सहीच घेतली होती. आणि समिधा, तू वैज्ञानिक म्हणून बघ ना जरा! न झोपणारी अंडी हवी असली की आज ती आम्लात बुडवून उठवावी लागतात. यंत्रं, आम्ल, हात भाजलेल्या बायका. आणि इथं एक मडकं, नुसतं एक मडकं, पुढच्या पिढीची झोप उडवतंय. वर्षभर, हवी तेव्हा अंडी. ही चूक नाहीये, हा शोध आहे. आपला शोध."

"मग आंबेसरीत का करायला लावलंस?"

"शेतात होतं का ते बघायचं होतं. पिवळ्यात होतं का ते. मुद्दाम मागितलं असतं तर कुणी हळदुली दिली असती का आम्हाला?"

"बागा छाटल्यात, निवे. सगळ्या. पहिल्या वर्षी छाटणीला तू होतीस इथं. काकीनं हातात विळा दिला होता तुझ्या."

"मला तारीख लक्षात नव्हती गं. खरंच. मला वाटलं तुम्ही तिसऱ्या दिवशी रंग बघालच आणि मला फोन कराल."

समिधाला वाटलं, ही खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण हे खरं होतं. वैजाकाकीच्या घरी वर्षभर राहिलेल्या बाईला आंबेसरीची छाटणी लक्षात नव्हती.

"तुमच्याकडं पान नसेल ना आता? आमच्याकडं काचघरात आहे. बारा महिने असतं. मी उद्या गाडी घेऊन येते," निवेदिता म्हणाली. मग पूर्वी वसतिगृहात चिडवायची तसं, कोल्हापुरी बायकांच्या धाटणीत म्हणाली, "काळजी करू नगंस. मी येतो गं."

समिधानं फोन कापला.

*

पाच घरांच्या बायका काकीच्या अंगणात जमल्या. कुणी रागावून बोलत नव्हतं, ते समिधाला जास्त लागलं. तिनं घडलं ते सगळं सांगितलं, फोनसकट.

"म्हंजे आमच्या पाळीसाठी आम्ही जी गार ठेवली, तीच बाधली?" सुमन होडगेनं विचारलं. ती नात्यानं समिधाची चुलती.

"व्हय."

"आणि हे त्या पुण्याच्या पोरीला ठाव हुतं."

"व्हय."

"आणि तुला?"

"न्हाई. मी विचारलं होतं तिला."

"इचारलंस," सुमनकाकू म्हणाली. तेवढंच.

जी अंडी अजून फुटली नव्हती ती समिधानं सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत गार मडक्यात हलवली. फुटायच्या बेताला आलेलं अंडं गारव्यात चारदोन दिवस थोपवता येतं, त्याहून जास्त नाही. तुषारनं मोटरसायकल काढून खालच्या गावातून पानाचा भारा आणला, पण तिथल्या बागांत नुकतीच फवारणी झाली होती. सुपातल्या अळ्यांनी त्या पानाचा कड कुरतडला आणि थोड्या वेळानं हिरवं पाणी ओकून आडव्या झाल्या. सुमनकाकूनं ते सूप उचललं आणि कोंबड्यांपुढं रिकामं केलं. त्यानंतर बाहेरचं पान आणायचं कुणी नाव काढलं नाही.

"एस्टीच्या थांब्यावरचं झाड हाय की," तुषार म्हणाला.

ते तुतीचं झाड कुणाचंच नव्हतं. मालक नाही म्हणून छाटणी नाही. वाढून वाढून कौलांच्या वर गेलं होतं. पानांवर रस्त्याचा धुरळा इतका की हिरवा रंग दिसत नव्हता. समिधानं खालून वरपर्यंत बघितलं, फांद्यांचा अंदाज घेतला.

"किती जगतील यावर?" वैजाकाकीनं विचारलं.

"शेवटच्या आठ दिवसांत अळी जितकं खाते तितकं आधी सगळ्या जन्मात खात न्हाई. त्या हिशोबानं..." समिधानं दोन्ही हातांची ओंजळ केली. "एक ट्रे. भरगच्च न्हवं, विरळ."

"आणि त्यांची अंडी? तीबी जागीच ऱ्हायची?"

"न्हाई काकी." दिवसभरात पहिल्यांदाच तिला खात्रीनं सांगण्यासारखं काही होतं. "या अळ्या वरच्या मडक्यात वाढल्या. घराच्या उबेत. त्यांना गारवा बाधलेला न्हाई. यांनी घातलेली अंडी झोपतील. एका पिढीचाच फेर हाय हा. एक ट्रे जगला तर हळदुली जगली."

"खात्रीनं सांगतीस?"

जूनमध्येही समिधानं खात्रीनंच सांगितलं होतं.

"पुस्तकात तसं हाय," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलेलं न्हाई."

काकीनं मान हलवली. "हां. असं सांग."

*

निवेदिता दुसऱ्या दिवशी दुपारी आली. थंड हवेची पांढरी गाडी, आत रांगेनं लावलेले पानांचे क्रेट. दार उघडलं तसा ओल्या, ताज्या तुतीचा वास अंगणभर पसरला. बायका धूळ धुतलेली पानं एकेक करून फडक्यानं कोरडी करत बसल्या होत्या, कारण ओलं पान अळीला सोसत नाही. सगळ्यांचे हात एकदम थांबले.

"एवढं पान आहे की सगळ्या घरांच्या सगळ्या अळ्या जगतील," निवेदिता समिधाला म्हणाली. ती खरंच धावतपळत आली असावी. केस विस्कटले होते. "गाडीत जागा आहे. अळ्या काचघरात नेऊ. एकही मरणार नाही, समिधा."

"आणि?"

"आणि काय?"

"तुझ्या हातात टॅब आहे."

निवेदितानं टॅब पाठीमागं घेतला, मग पुढं आणला. "नुसती औपचारिकता आहे. आमच्या पानावर, आमच्या घरात वाढलेली जात कंपनीकडं नोंदली जाते. तुम्हाला बी कायम फुकट मिळेल. मी भांडून ते घालून घेतलंय."

"आमचंच बी."

"मेलेलं बी कुणाचंच नसतं गं!" निवेदिताचा आवाज चढला. "त्या एका ट्रेला काय होईल? एक रोग आला, एक पाल पडली, संपलं. तुला राग माझा आहे, तो हळदुलीवर का काढतेस?"

हे खोटं नव्हतं. आत सुपांमध्ये लाखावर अळ्या उपाशी होत्या. त्यांना वाचवणारं पान दहा पावलांवर होतं. काल दिवसभर समिधा निवेदिताला काय काय ऐकवायचं ते ठरवत होती. आता तिला नुसतं त्या क्रेटकडं बघवत नव्हतं.

वैजाकाकी पदराला हात पुसत पुढं आली. तिला बघून निवेदिता वाकून पाया पडायला लागली. काकीनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"लांबनं आलीस. बस त्या कट्ट्यावर. चहा आणतो."

"काकी, आधी अळ्या बघते ना. आत..." निवेदिता चुन्याच्या घमेल्याकडं वळली.

"आत नको. आत पैऱ्यातली माणसं जातात."

निवेदिता कट्ट्यावर बसली. काकीनं स्वतः चहा आणून दिला, बशीत दोन खारी ठेवल्या. ती पिईपर्यंत समोर उभी राहिली.

"माझ्या घरात वरीसभर ऱ्हायलीस. नाचण्याची भाकरी गोड लागती म्हणून तिसरी मागून घ्यायचीस."

"हो काकी."

"मागच्या दिवाळीला फराळाला आलीस, तवा ठाव हुतं तुला?"

निवेदितानं बशी खाली ठेवली. तिनं समिधाकडं बघितलं, जणू समिधानं काहीतरी बोलून तिला सोडवावं. पूर्वी तोंडी परीक्षेत अडली की ती असंच बघायची, आणि समिधा खोकून वेळ काढून द्यायची.

समिधा खोकली नाही.

"होतं," निवेदिता म्हणाली.

"हं." काकीनं रिकामा कप घेतला. "पान घेऊन जा बाई. तुझ्या हातचं काय खाऊ घालायचं आणि त्यातनं काय निघंल, हे मला कसं कळावं? तूच सांगणार. आणि तू सांगितलेलं मी कशावरनं खरं धरू?"

गाडी गेल्यावर अंगणात पानाचा वास बराच वेळ राहिला.

मग पाचही घरांनी आपापली सुपं बाहेर आणली. प्रत्येक घरानं कोंबडीच्या पिसानं चिमूटभर अळ्या एकाच ट्रेमध्ये झाडल्या. आजवर घराघराचं बीज वेगळं राखलं जायचं, कुणाची हळदुली जास्त पिवळी यावर लग्नात टोमणे मारले जायचे. आता सगळी एकत्र झाली. उरलेल्या अळ्यांवर सुमनकाकूनं ओलं फडकं टाकलं आणि ती सुपं शेतात घेऊन गेली. बरोबर कुणी गेलं नाही.

*

तो ट्रे जगला. पैऱ्यानं जगला. रोज एका घरानं झाडावर चढायचं, एकानं पान पुसायचं, एकानं ट्रेपाशी बसून पाली हाकलायच्या. शेवटी शेवटी झाडाचा शेंडाच हिरवा राहिला होता आणि तो तोडायला तुषार चढला तेव्हा खालून बायका ओरडत होत्या, "सांभाळ रं, तुला मरायला परवानगी न्हाई, अजून दोन फांद्या हाईत!" अळ्या पिकल्या, कोष विणायला बांबूच्या चंद्रिकांवर चढल्या, पिवळेधमक कोष झाले.

या दिवसांत समिधानं एक काम केलं. उतरंड घेतलेल्या प्रत्येक गावाला तिनं फोन करून सांगितलं की बीजाची अंडी यात ठेवू नका, ठेवली असतील तर लेकी झोपणार नाहीत. काहींनी शिव्या दिल्या. काहींना बीज म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागलं. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली: गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल. तुषारनं ती वाचली आणि चाकावरच्या ओल्या मडक्याच्या गळ्यावर काडीनं कोरलं, "बीज ठेवू नये". आता तो प्रत्येक मडक्यावर ते कोरतो. "भाजल्यावर खोडायला येत न्हाई," एवढंच म्हणतो.

निवेदिताचे निरोप यायचे. एकात लिहिलं होतं की शोधनिबंधावर समिधाचं नाव पहिलं टाकलंय. समिधानं तो उघडला, वाचला, आणि नाव काढून टाक एवढं कळवलं. मग आणखी एक आला, नुसता प्रश्न: "रंग चढला का?" निवेदिताला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं, हे समिधाला माहीत होतं. शाळेतल्या पोरीसारखी ती उत्सुक असणार. तिनं उत्तर दिलं नाही.

कारण तिला स्वतःलाच ते अजून माहीत नव्हतं. पतंगांनी अंडी घातल्याचं तिला तुषारकडून कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला घरात बसवेना. ती काकीच्या दाराशी गेली, सवयीनं चुन्याच्या घमेल्यात पाय बुडवले आणि उंबऱ्याशी पोचली.

वैजाकाकी आतून अंड्यांचा कागद दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आली. उजेडात धरला.

पिवळा कुठंच राहिला नव्हता. सगळा कागद राखी-जांभळा झाला होता, ओल्या पाटीसारखा. अंडी झोपली होती. प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक खळगा पडला होता, झोपलेल्या अंड्याला पडतो तसा. समिधा वाकून बघत राहिली. पुस्तकातलं वाक्य खरं निघालं होतं, आणि या वेळी तिनं ते स्वतः बघितलं होतं.

"झोपली काकी," ती म्हणाली.

"झोपली," काकीनंही म्हटलं आणि कागदावर पदर धरला, ऊन लागू नये म्हणून. "हळदुली ऱ्हायली."

"कुठं ठेवायची आता? खालच्या मडक्यात थंडीपुरती ठेवली तर चालतील. आता झोपल्यावर गारवा बाधत न्हाई. मी रोज वड्या बदलून..."

"ते आम्ही बघतो."

समिधानं कागदाकडं गेलेला हात मागं घेतला.

"राग न्हाई पोरी," काकी म्हणाली. "तू तिच्यावर भरवसा टाकलास, आम्ही तुझ्यावर टाकला. तिचं तू बघ. आमचं आता आम्ही बघतो. यंदा तू पैऱ्यात नको." ती कागद सांभाळत आत वळली, आणि वळता वळता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बस त्या कट्ट्यावर. चहा आणतो."

समिधाचे पाय अजून चुन्यानं ओले होते. ती उंबऱ्यापासून मागं झाली आणि कट्ट्यावर जाऊन बसली.